रोजचा काटा आणि लग्नाचं घर



तुळशीचं लग्न झालं की आपल्या ग्रुपवर पत्रिका यायला लागतात. यंदा पत्रिकांबरोबर एक प्रश्नही आला. तीन नवऱ्या मुलींनी आणि एका नवरदेवाने वेगवेगळा विचारला, पण प्रश्न एकच: "काकू, खाण्याचं सगळं नीट पाळतोय, तरी काटा एक दिवस खाली, एक दिवस वर. आमचं काय चुकतंय?"

म्हणून या आठवड्याचा अभ्यास वजनकाट्यावर. काय खावं, किती खावं हे सांगायला आम्ही डॉक्टर नाही. पण काट्यावरचा आकडा कसा वाचावा, हे गेल्या वर्षी आम्ही आमच्याच घरात चुकून शिकलो. ते तुमच्यापर्यंत पोचलं तर एखाद्या घरातली चूक तरी वाचेल.

*आधी आमच्या घरातली गोष्ट*

गेल्या मार्गशीर्षात आमच्या लेकीचं लग्न झालं. (हे सगळं तिला वाचायला देऊन, तिने हो म्हटल्यावरच पाठवतोय.) साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "थोडी बारीक झाली की शालू काय खुलेल हिच्यावर!" सगळे हसले. आम्हीही हसलो.

दिवाळीच्या पाडव्याला घरात काचेचा डिजिटल काटा आला. त्या दिवशी लेकीचं वजन ६८.४ किलो. लग्नापर्यंत ६० वर यायचं असं तिने ठरवलं. सहा आठवड्यांत आठ किलोंच्या वर! तेव्हा हा हिशोब आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नाही. भात, पोळी, बटाटा, साखर, सगळं बंद. आठ दिवसांत काटा ६६.२ वर आला आणि घरात अगदी आनंदीआनंद. मग काटा अडला. एक दिवस ६६.६, एक दिवस ६५.९. सकाळी चहा टाकता टाकता आमचा पहिला प्रश्न असायचा, "आज किती?" आकडा उतरला असला तर लेक गाणं म्हणत आंघोळीला जायची, चढला असला तर दार आपटून.

तुळशीचं लग्न झालं आणि केळवणं सुरू झाली. शुक्रवारी रात्री तिच्या आत्याकडे पहिलं केळवण. मसालेभात, अळूवडी, पापड-कुरडया, लोणचं, श्रीखंड-पुरी. आणि आपलं इंदूर, म्हणजे पानात कुठे ना कुठे सेव आलीच. आत्याने इतक्या मायेने वाढलं की लेक पोटभर जेवली. शनिवारी सकाळी काटा ६७.४. दोन दिवसांपूर्वी ६५.९ होता. "एका जेवणात दीड किलो!" म्हणून ती रडायला लागली आणि त्या क्षणापासून तिने अन्न सोडलं. शनिवार आणि रविवार फक्त लिंबूपाणी. आम्ही दोनदा जेव म्हटलं, पण मनात कुठेतरी असंही वाटलं, की दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे.

रविवारी संध्याकाळी ब्लाउजच्या मापाला गेलो. शिलाईवाल्या ताई टेप लावत होत्या आणि लेक उभ्या उभ्या खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार.

तिथून थेट आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, थोडा वेळ झोपवलं. मग दवाखान्यातल्या काट्यावर उभं करून आकडा लिहिला आणि अर्धा लिटर ओआरएसचं पाणी घोट घोट प्यायला लावलं. पिऊन झाल्यावर पुन्हा काट्यावर. बरोबर अर्धा किलो जास्त! बाई म्हणाल्या, "आत्ता माझ्यासमोर बसून तुझ्या अंगावर अर्धा किलो चरबी चढली का गं?" लेक कितीतरी दिवसांनी हसली.

रात्री मऊ भात खाताना ती एवढंच म्हणाली, "आई, तू सकाळी विचारायचीस, झोप लागली का. हल्ली तू फक्त किती आलं ते विचारतेस."

आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. त्यानंतर डॉक्टरीणबाईंकडून आणि थोडं वाचून जे समजून घेतलं, ते क्रमाने मांडतोय.

*१. काटा चरबी मोजत नाही, सगळंच मोजतो*

काट्यावर आपण उभे राहतो तेव्हा हाडं, स्नायू, चरबी, पाणी, पोटातलं न पचलेलं अन्न आणि आतड्यातला मळ या सगळ्यांचं मिळून वजन येतं. मोठ्या माणसाच्या शरीरात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. ते दिवसभर आत येतं आणि बाहेर जातं. त्यामुळे निरोगी माणसाचं वजनही एक-दोन किलोंनी वर-खाली होतं. त्यात काही बिघडलेलं नसतं.

रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजन वेगळं येतं, तेही यामुळेच. लघवी होते ती होतेच, शिवाय श्वासातून आणि त्वचेतून पाणी नकळत जात असतं. इटलीत पादुआ इथे सांतोरिओ नावाचे एक वैद्य होते. काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून त्यांनी सुमारे ३० वर्षं स्वतःचं, स्वतःच्या अन्नपाण्याचं आणि मलमूत्राचं वजन केलं आणि १६१४ साली त्यावर पुस्तक काढलं. खाल्लं-प्यायलेल्यातला मोठा भाग डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं. म्हणजे काटा रोज नाचतो हे चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

*२. पहिल्या आठवड्यात भराभर का उतरतं?*

भात-पोळीतून मिळालेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. पहिल्या आठ दिवसांत लेकीचे दोन किलोंच्या वर उतरले, त्यातलं बरंचसं हे पाणीच होतं. आम्ही ते चरबी समजून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते!

पुढे काटा अडतो तेव्हा बहुतेक वेळा आपलं काही चुकलेलं नसतं. पाण्याचा भाग उतरून झालेला असतो आणि चरबी तिच्या सावकाश चालीने जात असते.

*३. केळवणाच्या दीड किलोचा हिशोब*

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. तुपासकट एक पुरणपोळी ३५० कॅलरींची धरली, तर एक किलो चरबी चढायला रोजच्या पूर्ण जेवणाच्या वर आणखी २२ पुरणपोळ्या खाव्या लागतील. दीड किलोला ३३. एका केळवणात कुणी खाऊन दाखवाव्यात!

मग काटा चढला कशाने? एक, मिठाने. पापड, लोणचं, कुरडया, सेव, चटणी या सगळ्यांत मीठ भरपूर असतं आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट एक चमच्याहून कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केळवणाच्या एका पानात यातलं बरंचसं संपतं. दोन, बऱ्याच दिवसांनी पोटात गेलेल्या भाताने आणि पुरीने. ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरला, त्याच्याबरोबर पाणीही आलं. आणि तीन, रात्री उशिरा जेवलेलं अन्न सकाळी पोटातच होतं. हे तिन्ही दोन-चार दिवसांत आपोआप उतरतं. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. नेहमीचं साधं जेवण, पुरेसं पाणी आणि रोजची झोप एवढं बास.

*४. काटा चढायची आणखी साधी कारणं*

– पाळी यायच्या आधीचे काही दिवस अनेक जणींच्या अंगात पाणी साठतं. काटा अर्धा ते दोन किलो जास्त दाखवू शकतो आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतो. म्हणून या महिन्याच्या त्याच दिवसांची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करावी.
– पोट साफ नसणं. खाणं एकदम कमी केलं की बद्धकोष्ठ होतं, त्यात लग्नाची धावपळ.
– नवा व्यायाम. पहिल्या काही दिवसांत स्नायू दुखतात, तिथे थोडी सूज असते आणि सूज म्हणजे पाणी. व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं असं वाटतं ते यामुळे.
– अपुरी झोप. झोप कमी झाली की भूक वाढते, खारट-गोड खावंसं वाटतं.

*५. मग काटा वापरायचा कसा?*

काटा माळ्यावर टाका असं आम्ही म्हणत नाही. नीट वापरला तर तो उपयोगाचाच आहे. तो कडक, सपाट फरशीवर ठेवावा, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नको. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करावं. दिवसातून एकदाच. आकडा वहीत लिहून वही मिटावी. सात दिवस झाले की बेरीज करून सातने भागावं आणि आठवड्याच्या सरासरीची तुलना मागच्या आठवड्याच्या सरासरीशी करावी.

लेकीच्या वहीतले दोन आठवडे देतो.

पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ६६.४, ६६.१, ६६.६, ६५.९, ६६.३, ६७.४ (केळवणानंतर), ६६.८. बेरीज ४६५.५, सरासरी ६६.५.

दुसरा आठवडा: ६६.३, ६६.०, ६५.७, ६६.२, ६५.८, ६५.९, ६६.१. बेरीज ४६२.०, सरासरी ६६.०.

आता गंमत बघा. पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी ६५.९ आणि दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी ६६.१. नुसते हे दोन आकडे बघितले तर वाटेल, दहा दिवस मेहनत केली आणि २०० ग्रॅम वाढलं! सरासरी मात्र सांगते, अर्धा किलो उतरलं. आणि दुसऱ्या आठवड्यात ती दोन्ही वेळा व्यवस्थित जेवत होती बरं का, भात-पोळीसकट.

आठवड्याला अर्धा ते एक किलो ही उतरण्याची चांगली गती. रोज आकडा बघून ज्यांचं मन खट्टू होतं त्यांनी रोज बघूच नये. आठवड्यातून एक ठरलेला दिवस धरावा, पण मग एका आकड्यावर न जाता चार आठवड्यांचे आकडे एकत्र बघावेत.

काट्याबरोबर टेपही हवा. पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोजावी. आपल्याकडच्या लोकांसाठी स्त्रियांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. कधी कधी काटा हलत नाही, पण सलवारीची नाडी सैल झालेली असते. तीही प्रगतीच.

*६. हे मात्र करू नका*

लग्नाला आठ दिवस उरले की वेड्यासारखे उपाय सुचतात. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, तीन-तीन दिवस नुसता रस. यांनी काटा खाली येतो तो पाण्यामुळे, आणि पाण्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षारही जातात. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणखी एक गोष्ट मुलींना माहीतच नसते. उपासमारीने केस गळतात ते लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे लग्नाचे फोटो छान येतात आणि नव्या घरी गेल्यावर कंगव्यात केसांचा पुंजका! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण मुळीच बंद करू नये. थायरॉइड, पीसीओडी असणाऱ्यांनीही आधी विचारावं.

डॉक्टरांकडे कधी जावं? दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंच्या वर चढलं आणि पायांवर सूज किंवा दम लागत असेल, तर त्याच दिवशी. चक्कर, पाळी चुकणं, खाल्लेलं मुद्दाम ओकून काढणं, जेवणाची भीती वाटणं, चारचौघांत जेवायचं टाळणं, हे दिसलं तरी वेळ घालवू नये. अशा वेळी मुलीला रागावू नये. ते नाटक नसतं, आजारपण असतं.

*७. घरातल्यांसाठी*

आजच्या अभ्यासातला आम्हाला सगळ्यात अवघड गेलेला भाग हाच. मीठ, पाणी, सरासरी हे लेकीने दोन दिवसांत समजून घेतलं. "आज किती?" हा प्रश्न गिळायला आम्हाला पंधरा दिवस लागले.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की योग अति खाणाऱ्याला साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागरण सगळं प्रमाणात हवं. आपण दर वर्षी ते वाचतो आणि 'अति खाऊ नये' एवढंच लक्षात ठेवतो. दुसरं अर्धं वाक्य आपल्या घरातल्या उपाशी मुलीसाठी आहे, हे आम्हाला तिला चक्कर आल्यावर कळलं.

केळवण करणाऱ्यांना एक विनंती. मायेने वाढा, पण आग्रह एकदाच करा. पानात लोणचं-पापड मुलांना हवं तर घेऊ द्या. आणि "बारीक झालीस", "अजून तशीच आहेस", यातलं काहीच बोलू नका. कौतुकाने म्हटलेलं "किती उतरलीस गं!" सुद्धा नको. उद्या ती थोडी भरली की तेच वाक्य तिच्या मनात उलटं वाजतं. नवरदेवांनाही हेच लागू. ते बोलून दाखवत नाहीत इतकंच.

आमच्या लेकीचं पुढे काय झालं ते सांगून संपवतो. लग्नाच्या आठवड्यात तिची सरासरी पासष्टच्या जरा खाली होती. साठ काही झालं नाही. ग्रहमखाच्या आदल्या दिवशी ब्लाउज घालून बघितला तर दंडात घट्ट! आमच्या पोटात गोळा आला. लेक मात्र शांतपणे म्हणाली, "आई, कालचं केळवण आणि पाळी जवळ आलीय. पाणी आहे ते." शिलाईवाल्या ताईंनी ब्लाउज उलटा केला आणि दाखवला. दोन्ही शिवणींना त्यांनी बोटभर माया ठेवली होती. दहा मिनिटांत उसवून दिला. म्हणाल्या, "काकू, नवरीचा कपडा आम्ही मायेशिवाय कधी शिवतच नाही. अंग आहे, दोन दिवस इकडे-तिकडे व्हायचंच."

शिवणाऱ्या बाईला जे ठाऊक होतं ते आम्हा आईला ठाऊक नव्हतं. आता सकाळी लेकीचा फोन आला की आम्ही पहिलं विचारतो, "झोप लागली का?"

*या आठवड्याचा गृहपाठ*

१. घरात काटा असेल तर सकाळी वजन करा, अर्धा लिटर पाणी प्या आणि लगेच पुन्हा वजन करा. मुलांनाही दाखवा. (पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या किडनीच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी हा प्रयोग करू नये.)
२. सात दिवसांचे आकडे लिहून सरासरी काढा. ती ग्रुपवर टाकू नका, स्वतःच्या वहीतच ठेवा.
३. घरात लग्न असेल तर आठवडाभर वजनाबद्दल एकही शब्द न बोलण्याचा नियम करा. किती वेळा मोडला ते रात्री स्वतःशी मोजा.
४. विचार करा: आपल्या घरात सकाळचा पहिला प्रश्न कोणता असतो?

शनिवारच्या वर्गात चौथ्या प्रश्नावर बोलू. नवऱ्या मुलींना आणि नवरदेवांना मनापासून आशीर्वाद. पोटभर जेवा, वेळेवर झोपा.

जय गुरुदेव 🙏